रोक्कामाराच्या शाळेची भिंत

सुचित्रा बिराजदार कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली, की चहा येईपर्यंत तिची दोन-तीन भिंतींवर टकटक करून झालेली असते. श्रीनाथला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सुरुवातीला याची फार लाज वाटायची. ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या एका सत्यनारायणाला तिने यजमानांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुमच्या डेकचे खांब आतून कुजलेत हं. आज एवढी माणसं बाहेर उभी करू नका." यजमान आधी रुसले. पुढच्याच आठवड्यात सुतार बोलावला, तर खांबात स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला. तेव्हापासून वेस्ट ऑकलंडमधली मराठी मंडळी घर विकत घेण्याआधी बँकेला फोन करायच्या ऐवजी सुचित्राला करायला लागली.

तिचं कामच ते होतं. ऑकलंडमधल्या एका फर्ममध्ये ती जुन्या इमारतींना भूकंपासाठी बळकटी द्यायचे आराखडे करायची. ती या कामात का पडली हे मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण ती सांगायची नाही. ती मूळची किल्लारीजवळच्या एका गावची. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव झोपेतच बसलं. सुचित्रा तेव्हा चौथीत होती. तिला तिच्या वडिलांनी मातीतून ओढून काढलं. तिची धाकटी आत्या मात्र सापडली तेव्हा उशीर झाला होता. गावातली दगडी शाळाही गेली. पुढची दोन वर्षं पोरं पत्र्याच्या शेडमध्ये शिकली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की गुरुजी अकरालाच शाळा सोडून द्यायचे. त्या शेडमधून सुचित्रा लातूरला गेली, लातूरहून पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात, आणि क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर इकडे माणसं हवी होती तेव्हा न्यूझीलंडला.

आता तिच्या शेजारणीबद्दल. हेन्डरसनमधल्या त्यांच्या घराला लागून ओर्नेला नावाची इटालियन बाई मुलाकडे राहायला आली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज असा की कुंपणापलीकडून हाक मारली तर श्रीनाथच्या मीटिंगमधले वेलिंग्टनचे लोक दचकायचे. तीस वर्षं तिने इटलीत लॅटिन शिकवलं होतं. सुचित्राने पहिल्याच भेटीत तिला सांगून टाकलं, "आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात. मी तुम्हाला बाईच म्हणणार." ओर्नेलाला तो शब्द इतका आवडला की ती फोनवरही "बाई बोलतेय" असं म्हणायला लागली. दोघींचं बाकी बोलणं इंग्रजीत चालायचं, म्हणजे एकीचं लातूरकडून आलेलं आणि दुसरीचं रोमकडून. एप्रिलमध्ये फेजोआची फळं पडायला लागली की बाईंकडून पिशव्याच्या पिशव्या यायच्या आणि इकडून त्याचं लोणचं परत जायचं.

एका शनिवारी सकाळी बाई न सांगता स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. पायात मुलाच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात टॅबलेट, चेहरा लाल.

"पाडणार आहेत!" त्या म्हणाल्या. "माझी शाळा. बुलडोझर लावणार!"

सुचित्राने गॅस बंद केला. "बाई, आधी बसा. कुठली शाळा?"

मग त्या दिवशी पोहे गार झाले, श्रीनाथ एकटाच बाजार करून आला, आणि रोक्कामाराच्या शाळेचा सगळा इतिहास बाईंनी सुचित्राच्या ओट्यासमोर उभ्या उभ्या सांगितला.

रोक्कामारा हे मध्य इटलीतलं डोंगरावरचं गाव. गावाच्या टोकाला एक जुना मठ होता. इटलीची सगळी राज्यं मिळून एक देश झाला तेव्हा नव्या सरकारने तो मठ ताब्यात घेतला आणि तिथे मुलांसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढली. पहिल्या वर्गात जमीनदारांची पोरं आणि एक औषधविक्या होता त्याचा मुलगा. लॅटिन, ग्रीक आणि छडी. खूप वर्षांनी पहिली मुलगी आली. ती तिथल्याच एका मास्तरांची लेक. तिला दारामागे वेगळ्या बाकावर बसवत, आणि परीक्षेत पहिली आली तेव्हा तिचं नाव फळ्यावर लावायचं की नाही यावर दोन दिवस भांडण चाललं. महायुद्धात शाळेचं इस्पितळ झालं. जखमी सैनिकांना ऊब द्यायला बाकं जाळली. युद्ध संपल्यावर पहिली परीक्षा मुलांनी फळांच्या खोक्यांवर बसून दिली.

"आणि मग मी आले," बाई म्हणाल्या. "बेकरीवाल्याची मुलगी. आमच्या अख्ख्या खानदानात लॅटिन फक्त चर्चमध्ये ऐकलेलं, कळलेलं कुणालाच नाही. मी घरी जाऊन बापाला प्रार्थनेचा अर्थ सांगितला, तर तो पीठ मळायचा थांबला. म्हणाला, एवढंच होतं होय त्यात?"

शिकून त्या तिथेच शिकवायला लागल्या. सत्तरच्या आसपास विद्यार्थ्यांनी शाळा ताब्यात घेऊन हेडमास्तरांना बाहेर ठेवलं, तेव्हा बाई आत होत्या. कुणाच्या बाजूने, ते त्यांनी अजूनही सांगितलेलं नाही. मग दोन हजार सोळाचे भूकंप. पहिला हादरा सुट्टीत आला म्हणून वर्गात कुणी नव्हतं. पण पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. इमारतीला कुलूप लागलं आणि मुलं गावाखालच्या मोटारतळावर, कंटेनरच्या खोल्यांत शिकायला लागली. आज करू, उद्या करू म्हणत वर्षं गेली. आता अहवाल आला होता की इमारत दुरुस्तीपलीकडची आहे. पाडा, आणि नवी शाळा खाली सपाटीवर बांधा.

"कंटेनरमध्ये उन्हाळ्यात काय होतं, माहीत आहे तुला?" बाईंनी विचारलं.

"माहीत आहे," सुचित्रा म्हणाली. आणि ज्या गोष्टी तिने हेन्डरसनमध्ये कुणाला सांगितल्या नव्हत्या, त्या बाईंना सांगितल्या. बाई पहिल्यांदाच खुर्ची ओढून खाली बसल्या.

सगळं सांगून झाल्यावर सुचित्राने हात पुसले. "फोटो आहेत भिंतींचे?"

फोटो होते. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्यात ढिगाने फोटो होते. बहुतेकांत कुणाचे तरी केस किंवा कुणाचं तरी लग्न, पण मागे शाळा. सुचित्राने ते टीव्हीवर मोठे करून पाहायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात ती सोफ्यावरून उठून टीव्हीला नाक लावून उभी होती.

"अनुष्का, इकडे ये!"

अनुष्का, तिची नववीतली मुलगी. आईचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "व्हॉट?"

"हा तडा बघ. कसा आहे?"

"स्ट्रेट?"

"एकदम सरळ! दोरी सोडल्यासारखा. दगडी भिंत अशी नाही गं फुटत."

दगडी भिंत कशी फुटते हे सुचित्राला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या गावातल्या भिंती दोन थरांच्या होत्या. बाहेर दगड, आत दगड, मध्ये माती आणि बारीक खडी, आणि दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड कुठेच नाहीत. जमीन हलली की थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती फुटून खाली येते. रोक्कामाराच्या भिंतीला कुठेही पोट आलेलं नव्हतं. एका जागी ती उभी चिरली होती आणि बाकी सगळी ताठ होती. शिवाय बाहेरून जागोजाग चांदणीच्या आकाराचे लोखंडी तुकडे दिसत होते. म्हणजे पूर्वी कधीतरी कुणा शहाण्या गवंड्याने लोखंडी कांब्या आरपार घालून समोरासमोरच्या भिंती एकमेकींना बांधून टाकल्या होत्या.

"ही इमारत पडायला तयार नाहीये," सुचित्रा म्हणाली. "मग नेमकी तिथेच का चिरली?"

बाईंनी लगेच तुल्लियोला फोन लावून दिला. तुल्लियो गावातलाच इंजिनियर, बाईंच्या शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी एक. लॅटिनमध्ये कच्चा होता हे बाईंनी ओळख करून देतानाच सांगितलं. तोही पहिल्यापासून ओरडत होता की अहवाल घाईत झालाय, पण गावातल्याच पोराचं कोण ऐकणार? सुचित्राचे प्रश्न ऐकून तो इतका खूश झाला की बोलता बोलता इंग्रजी सोडून इटालियनवर गेला आणि बाईंना भाषांतर करावं लागलं. नकाशे त्याच्याकडे होते, पण ते सगळे अलीकडचे. त्या जागी भिंत भरीव दाखवली होती. जुने नकाशे युद्धात गेले असावेत.

"नकाशे नाहीत, पण माणसं आहेत ना?" सुचित्रा म्हणाली. "तिथे शिकलेली माणसं. त्यांना सगळ्यांना एकत्र बोलवा."

पुढच्या रविवारी, इकडे जेवणाची वेळ आणि तिकडे सकाळची कॉफी, असा तो व्हिडिओ कॉल झाला. सुचित्राच्या टीव्हीवर लहान लहान चौकोनांत म्हातारी माणसंच माणसं. कुणाचं फक्त कपाळ दिसतंय, कुणाचा कान. सगळे एकदम बोलत होते. बाई टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि वर्गात ओरडावं तसं ओरडत होत्या. श्रीनाथ वरण-भाताचं ताट हातात घेऊन मागे उभाच राहिला. बसायचं त्याला सुचलंच नाही.

सुचित्राचे प्रश्न साधे होते. कुठलं दार बुजवलं? जिना कधी बदलला? छत कधी नवं केलं? उत्तरं येत गेली, पण प्रत्येक उत्तराला एक प्रेमप्रकरण नाहीतर एक मारामारी चिकटलेली. तडा गेलेली भिंत होती ती जुन्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाची. तिच्याबद्दल मात्र कुणाला काही विशेष आठवेना. तेवढ्यात आर्दुईनो नावाचे एक निवृत्त पोस्टमन बोलायला लागले. हिवाळ्यात शेवटच्या बाकावर बसण्यासाठी आम्ही किती भांडायचो, त्यावरून माझा एक दात पडला, तो दात मी अजून...

"आर्दुईनो!" बाई कडाडल्या. "साठ वर्षांत तुझी सवय गेली नाही. विषय सोडू नकोस!"

"थांबा!" सुचित्रा त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. "बाई, त्यांना विचारा, शेवटचंच बाक का?"

बाईंनी विचारलं. चौकोनातल्या आर्दुईनोंनी खांदे उडवले.

"म्हणतोय, कारण तिथली भिंत गरम असायची."

मग चौकोनाचौकोनांतून एकच गलका उठला. हो, हो! गरम भिंत! आम्ही पाठ टेकून बसायचो! ओले मोजे तिथेच वाळवायचो! बाई कपाळावर हात मारून घेत होत्या. "मी तीस वर्षं फळ्यापाशी कुडकुडत उभी राहिले आणि हे चोर मला एका शब्दानेही बोलले नाहीत!"

सुचित्रा टीव्हीसमोर नाचायचीच बाकी होती. "धुराडं! त्या भिंतीच्या पोटातून धुराडं गेलंय! खाली मठाचं स्वयंपाकघर असणार, तिथेच पुढे शाळेची शेगडी ठेवली असणार. छत नवं करताना वरचं तोंड तोडून बुजवलं, आणि आतली पोकळी सगळे विसरले. तुल्लियो, ऐकतोयस ना? भिंत त्या पोकळीवरच चिरलीय. बाकी भिंतीचा यात काही दोषच नाही!"

तुल्लियोच्या चौकोनात आता रिकामी खुर्ची होती. तो जॅकेट शोधायला गेला होता.

परवानगी, हेल्मेट, सोबत अग्निशमन दलाचा माणूस, हे सगळं होईपर्यंत मंगळवार उजाडला. सुचित्रा त्या संध्याकाळी ऑफिसमधून निघून ट्रेनमध्ये होती, तेव्हा फोन वाजला. तड्याजवळ लहानसं भोक पाडून त्यातून तुल्लियोने वायरीच्या टोकाचा बारीक कॅमेरा आत सोडला होता. फोनवर आधी नुसते दगड, मग चुना, मग एकदम काळोख. कॅमेऱ्याचा दिवा वळला. चारी बाजूंनी काजळी. मखमलीसारखी काळी काजळी, वर जाणारी, खाली जाणारी, आणि मधोमध माणूस मावेल एवढी पोकळी.

"आहे!" सुचित्रा ट्रेनमध्ये मराठीतच ओरडली. "आहे आहे आहे!"

समोर बसलेल्या माओरी आजोबांनी हसून अंगठा वर केला. "गुड न्यूज, डियर?"

"हीप्स!" ती इकडच्या बोलीत म्हणाली, म्हणजे ढीगभर, आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं.

पण धुराडं सापडलं म्हणून शाळा वाचली असं होत नाही. पुढचे काही महिने तुल्लियोने बाकीच्या भिंती तपासल्या. थरांना सांधणारे लांब दगड सापडले, कांब्या शाबूत निघाल्या. सुचित्राने हिशेब केले, आणि दोघांनी मिळून बळकटीचा आराखडा बसवला. पोकळी भरून काढायची, भिंतींच्या माथ्यावरून पट्टा फिरवायचा, लाकडी तक्तपोशी भिंतींना जखडायची. मग गावात जाहीर बैठक झाली. सभागृहात पडद्यावर सुचित्रा, शेजारी बाई. बाईंनी या बैठकीसाठी मोत्यांची माळ घातली होती.

पाडण्याच्या बाजूचे एक गृहस्थ उठले. सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही ही इमारत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहात. आमच्या मुलांचा जीव आम्ही तुमच्या भरवशावर टाकायचा?"

सुचित्राने पाण्याचा घोट घेतला. बाईंनी तिचा हात धरला होता, तो दुखेल इतका घट्ट.

"नका टाकू," ती म्हणाली. "मी सांगते म्हणून एकाही मुलाला आत पाठवू नका. काम होऊ द्या, तुमच्याच माणसांकडून तपासून घ्या, मगच दार उघडा. मी चौथीत असताना माझं गाव दगडांखाली गेलं. माझी शाळा पडली, पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. नंतर सगळे म्हणाले, दगडाची घरं वाईट, दगड नको. कोणी विचारलं नाही की भिंत कशी बांधली होती, काय चुकलं होतं. ते विचारलं असतं, तर शेजारच्या गावांतल्या उभ्या राहिलेल्या, पण भीतीने पाडून टाकलेल्या कितीतरी भिंती वाचल्या असत्या. तुमची भिंत का चिरली हे तुम्हाला आता माहीत आहे. ती दुरुस्त करता येते. एवढंच मला सांगायचं होतं."

बाईंनी ते इटालियनमध्ये सांगितलं. शेवटचं वाक्य तर त्यांनी वर्गातल्या आवाजात म्हटलं. सभागृहात मागच्या रांगांमध्ये कंटेनरमधली मुलं बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग त्या थांबेनात. प्रश्न विचारणारे गृहस्थ उभेच होते. त्यांनीही वाजवल्या. सरकारी तज्ज्ञांनी आराखडा फिरून तपासला, दोन सुधारणा सुचवल्या, त्यातली एक सुचित्राच्या मते फारच चांगली होती. पाडायचा निर्णय मागे घेतला गेला.

काम चालू असताना आणखी एक गोष्ट घडली. रोक्कामाराच्या मुलांनी शाळेचा इतिहास लिहायला घेतला, आणि भिंतींवरच्या प्रकरणासाठी त्यांना सुचित्राची मुलाखत हवी होती. शनिवारी संध्याकाळी मुलं स्क्रीनवर आली. सुचित्राला वाटलं, कांब्या आणि चुना विचारतील. एका मुलीने विचारलं, "तुमच्या शेडमध्ये मधल्या सुट्टीत तुम्ही काय खेळायचा?"

सुचित्रा गोंधळली. मग हसायलाच लागली. "लंगडी," ती म्हणाली. तो शब्द काही केल्या समजावता येईना, तेव्हा ती बैठकीच्या खोलीत एका पायावर उड्या मारत अनुष्काच्या मागे धावली. अनुष्का किंचाळत पळाली, "आई! स्टॉप! दे आर रेकॉर्डिंग!" पण ती पळाली मात्र खरी लंगडीतल्यासारखी, रेषेच्या आत. पलीकडे अख्खा वर्ग एका पायावर उभा राहिला होता.

शाळा सप्टेंबरमध्ये उघडली. बाई मुलाला घेऊन आधीच गेल्या होत्या. डॉक्टर नको म्हणत होते, पण बाईंनी डॉक्टरांना लॅटिनमध्ये काहीतरी सांगितलं आणि विषय संपला. सुचित्राला जाता आलं नाही. त्याच आठवड्यात पामर्स्टन नॉर्थमध्ये तिच्या एका मोठ्या कामाची पाहणी होती. ती संध्याकाळी तिथल्या मोटेलच्या खोलीत बूट न काढता पलंगावर बसली आणि फोन उघडला. ऑकलंडहून अनुष्का आणि श्रीनाथही कॉलवर आले.

बाईंच्या हातातला फोन सारखा हलत होता. आभाळ, कुणाचा तरी खांदा, चांदणीच्या आकाराचा लोखंडी तुकडा, नवा चुना. मग घंटा झाली, आणि मुलांचा लोंढा दगडी जिन्यावरून वर निघाला. दप्तरं आपटत, एकमेकांना ढकलत, किंचाळत. बाई त्यांच्या मागे जाऊ पाहत होत्या आणि त्यांचा मुलगा "मम्मा, हळू!" म्हणत होता.

"सुचित्रा! दिसतंय का तुला?" बाई ओरडल्या. "आवाज ऐकू येतोय? किती गोंगाट करतायत ही कार्टी!"

"येतोय, बाई," सुचित्रा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती खदखदून हसत होती. "फोन वर धरा. अजून वर. मला त्यांना वर्गात जाताना बघायचंय."